निनादचं माप

"इथली रिंग मला वळखते. भायेरची नाय वळखत."

माधुरी बुटाच्या नाड्या आवळताना पुटपुटली. सांगत कोणालाच नव्हती, फार तर बुटाला. पण सिमेंटच्या त्या बाकावर तिच्या शेजारी मी बसले होते, आणि बाकी बरंच काही कमी झालं असलं तरी माझं ऐकू येणं अजून कमी झालेलं नाही.

"काय म्हणालीस गं?"

"काय नाय, काकू."

उठली आणि कोर्टावर गेली. पहिलाच बॉल टाकला. रिंगला न शिवता नुसता जाळीतून उतरला. दुसरा तसाच. तिसऱ्याला तर तिने पाहिलंसुद्धा नाही, बॉल हवेत असतानाच वळून परत फिरली. स्वयंपाक उरकलेली बाई गॅस बंद केला की नाही ते बघायला मागे वळत नाही, तशी.

खांदा कॉलनीतल्या आमच्या कोर्टावर माधुरी चुकत नाही. हे मी कौतुकाने म्हणत नाही. उत्तुंग बास्केटबॉल क्लबचा स्कोअर मी लिहिते, मला कौतुक करायची मुभाच नसते. मी स्वतः हा खेळ कधी खेळले नाही. माझी सई इथे खेळायची, तिला न्यायला म्हणून यायचे आणि बाकावर बसायचे. एकदा स्कोअर लिहिणारा आला नाही, तर कोणीतरी माझ्या हातात पेन्सिल दिली. नियमांचं पुस्तक मी शेजारी डिक्शनरी ठेवून वाचलं. जे त्यात कळलं नाही ते मुलींना विचारलं. मुली हसल्या, पण त्यांनी सांगितलं. पुढे सई नोकरीला बंगळुरूला गेली. बाक माझ्याकडे राहिला.

माधुरी आमच्याकडे आली ती वल्लरीमुळे. वल्लरी आमची कोच, एके काळची खेळाडू. तालुक्याच्या शाळांच्या स्पर्धेत माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीतली मुलगी उंच उडी मारताना तिला दिसली, आणि उडीपेक्षा तिचे लांब हात तिच्या डोळ्यांत भरले. माधुरीचे वडील अंकुश. अर्धं वर्ष वीटभट्टीवर, अर्धं वर्ष मिळेल तिथे. मुलगी पनवेलला वसतिगृहात राहून कॉलेज करते आणि रोज संध्याकाळी चेंडू टाकते, यातलं दुसरं काम कशासाठी, हे त्यांना बरेच दिवस कळत नव्हतं. मग वल्लरीने त्यांना सांगितलं की बँकांचे संघ असतात, त्यात चांगल्या खेळाडूंना नोकरी लागते. तेव्हापासून अंकुशभाऊ कधी कॉलनीच्या बाजूला कामाला आले की कोर्टाच्या जाळीबाहेर उभे राहून बघतात. आत या म्हटलं तर येत नाहीत. "पायाला माती हाय," म्हणतात.

तर अशी ही मुलगी, आणि गेल्या वर्षी आम्ही कोलंबोला गेलो.

दक्षिण आशियातल्या क्लबांची निमंत्रितांची स्पर्धा होती. स्कोअरर म्हणून मीही गेले. माझ्या पासपोर्टवर अजून एकच देश आहे, आणि तो हरलेल्या दौऱ्याचा आहे. सगळे सामने हरलो. माधुरीचे बॉल पुढच्या कडेला लागून परत येत होते. एक नाही, दोन नाहीत, ओळीने. पडद्यामागून कोणीतरी हाताने ढकलावं तसे. तिकडची सावळी, हसरी स्कोअरर माझ्याकडे बघून प्रत्येक वेळी "अय्यो" म्हणायची. ती मनापासून म्हणायची, त्यामुळे जास्तच राग यायचा.

परत आल्यावर चारुदत्त सरांनी आम्हा सगळ्यांना क्लबच्या खोलीत बोलावलं आणि तक्त्यासमोर उभं केलं.

चारुदत्त सर म्हणजे आमचा क्लब. रसायनीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, तरुणपणी कंपनीच्या संघातून खेळलेले. क्लबची खोली म्हणजे कोर्टाच्या कोपऱ्यातली पत्र्याची शेड. तिच्या एका भिंतीवर त्यांनी पेंटरकडून हा तक्ता रंगवून घेतलेला आहे. मथळा : भारतीय बास्केटबॉल क्लबांची आंतरराष्ट्रीय कामगिरी. कोणत्या साली आपल्या देशाचा कोणता क्लब आशियातल्या कोणत्या शहरात गेला, समोर कोण होतं, निकाल काय. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांची कात्रणं जमवून केलेलं काम. त्या निकालाच्या रकान्यात 'पराभव' हा शब्द शोधून सापडत नाही. 'झुंजार लढत' आहे. 'निसटती हार' आहे, तीही तीस-तीस गुणांनी निसटलेली. 'बहुमोल अनुभव' पुष्कळ आहे. जिथे अगदीच बोलण्यासारखं काही नाही तिथे 'सहभाग'. आणि एका ओळीत, कुठल्या तरी आपल्यासारख्याच गरीब क्लबाविरुद्ध, 'विजय'. ती ओळ लाल रंगात आहे. सर येता-जाता तिला हात लावतात, देवळाच्या पायरीला लावावा तसा.

"हे बघा," सर म्हणाले, "चीन, इराण, लेबनॉन, फिलिपिन्स. त्यांच्याकडे क्लब हा व्यवसाय आहे. खेळाडूला पगार, डॉक्टर, वातानुकूलित हॉल. आपल्याकडे क्लब म्हणजे चार वेडी माणसं आणि एक बॉल. आपले भलेभले क्लब बाहेर गेले आणि असेच परत आले. तेव्हा मान खाली घालायचं कारण नाही. हा इतिहास आहे."

"म्हणजे आपण परंपरा पाळली," आमची कॅप्टन किशोरी हळूच म्हणाली. पोरी खुसखुसल्या. माधुरी हसली नाही. ती तक्त्यावरच्या शहरांची नावं एकेक वाचत होती.

सर म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. आपल्या देशाचे क्लब बाहेर जाऊन हरतात, त्याला शंभर कारणं आहेत आणि ती सगळी खरी आहेत. माझा संताप व्हायचा तो एवढ्याचसाठी, की इतकी मोठी खरी कारणं हाताशी असल्यामुळे आमचं एक लहानसं, घरचं कारण कोणाला बघावं लागत नव्हतं. देशाच्या छत्रीखाली आम्ही सगळे कोरडे उभे होतो.

ते घरचं कारण आता सांगते. कॉलनीत ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोललेलं नाही.

आमच्या कोर्टाचे दोन्ही खांब निनादने उभे केलेत. निनाद म्हणजे चारुदत्त सर आणि सुमतीताईंचा एकुलता एक मुलगा. डिप्लोमा करत होता, हातात वेल्डिंगची कला होती. मित्रांना गोळा करून भंगारातले पाइप आणले, जोडले, बोर्ड बसवले, रिंग बसवली. जमिनीपासून रिंगपर्यंत दहा फूट, नियमाप्रमाणे. त्याने ते इतक्या वेळा मोजलं की पोरं त्याला टेपमास्तर म्हणायची. पुढच्याच वर्षी पळस्पे फाट्यावर त्याच्या बाईकला ट्रकने उडवलं. ती सकाळ मी इथे लिहीत नाही.

सरांनी मग एका खांबाच्या पायथ्याशी स्टीलची पाटी बसवली. 'कै.' लिहायचं ठरलं होतं. सुमतीताईंनी पेंटरला थांबवलं आणि 'चि.' लिहायला लावलं. पेंटर म्हणाला, ताई, असं लिहीत नाहीत. ताई म्हणाल्या, मी लिहिते. पाटीवर तीन ओळी होत्या. 'चि. निनाद याची आठवण.' खाली, 'ही रिंग त्याने उभी केली.' आणि सगळ्यात खाली, 'आई-बाबा.'

आता आमच्या भागाची रीत. नवीन पनवेलमध्ये पावसाळ्यात पाणी तुंबतं, आणि आमच्याच कोर्टावर गणपतीचा मांडव पडतो. त्यामुळे निवडून आलेला प्रत्येक नगरसेवक पहिलं काम हे करतो, की कोर्टाचं काँक्रिटीकरण. जुनं काँक्रीट कोणी फोडत नाही. फोडायचं कशाला? फोडलं तर आधीच्या माणसाचं काम वाईट होतं असं म्हटल्यासारखं होतं, आणि तो माणूस अजून कॉलनीतच राहत असतो, नमस्कार करत असतो. शिवाय थरावर थर टाकला की काम गणपतीच्या आत होतं, नारळ फुटतो, 'यांच्या सौजन्याने' असा नवा फलक लागतो. एकाने टाकला. त्याला पाडून आलेल्याने त्यावर टाकला. मग वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तर त्या बाईंनी, मी मागे का राहू म्हणून, सगळ्यात जाड टाकला. कोर्ट वर वर आलं. खांब होते तिथेच राहिले.

पाटीवरची शेवटची ओळ जमिनीखाली गेली.

फरक वीतभर नसेल, पण रिंग आता दहा फुटांवर नाही. आमच्या मुलींचे हात त्या रिंगला घडले. म्हणून आमच्याकडे बाहेरचा संघ आला की त्यांचे बॉल मागच्या कडेवर आपटतात, बोर्डावर जातात. त्या बावचळतात, आणि त्यांना सूर सापडेपर्यंत आम्ही पुढे निघून गेलेलो असतो. स्थानिक पेपर लिहितात, 'उत्तुंगचा बालेकिल्ला'. आणि आम्ही बाहेर गेलो की आमचे बॉल पुढच्या कडेला लागून परत.

एकदा पुण्याचा एक कोच आला होता. सामना हरल्यावर रिंगखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "सर, तुमची रिंग जरा बसलीय का हो?"

"निनादने मोजलेलं माप आहे ते," चारुदत्त सर म्हणाले.

त्या माणसाला निनाद कोण हे ठाऊक नव्हतं. "पुन्हा मोजून घ्या एकदा," तो म्हणाला. आमचे सेक्रेटरी सत्यजीत इतक्या चपळाईने पुढे झाले, की खेळताना ते कधी एवढे हलले असतील असं वाटत नाही. त्याच्या कोपराला धरून, "चला चला, आमच्याकडचा वडापाव खाल्ल्याशिवाय जायचं नाही," करत त्याला घेऊन गेले. सर बराच वेळ खांबावर हात ठेवून उभे होते.

तेव्हापासून ते वाक्य आमच्यात कायद्यासारखं झालं. निनादने मोजलेलं माप आहे. रिंग खाली आहे म्हणायचं म्हणजे निनाद चुकला म्हणायचं. ते कोण म्हणणार?

यंदा काठमांडूचं निमंत्रण आलं. आणि बरोबर बातमी आली, की एका बँकेच्या संघासाठी मुली निवडणारे लोक तिथे येणार आहेत. वल्लरीने ते माधुरीला सांगितलं. त्या दिवसापासून माधुरी अर्धा तास आधी यायला लागली. इथे, ह्याच रिंगवर, आणखी अर्धा तास. मला बघवत नसे. चुकीच्या पत्त्यावर कोणी रोज जास्त जास्त प्रेमाने पत्र पाठवावं, तसं चाललं होतं.

संघ ठरवायला सरांच्या घरी बैठक झाली. सर, सत्यजीत, वल्लरी आणि मी. सुमतीताई आत कॉफी करत होत्या.

"माधुरीला यंदा नेऊ नये असं माझं मत आहे," सर म्हणाले.

वल्लरीच्या हातातलं पेन गळायचं राहिलं. "सर, ती आपली सगळ्यात चांगली शूटर आहे."

"इथे. बाहेर गेली की काय होतं ते कोलंबोला बघितलंत ना? मन कच्चं आहे पोरीचं. घरात वाघ आहे. यात तिचा दोष नाही. वाडीवरची पोर, कधी काही बघितलेलं नाही, एकदम परदेश, दिवे, माणसं. हात थरथरतो."

"तिचा हात थरथरत नव्हता, सर," मी म्हणाले. "मी समोरच बसले होते."

"मग बॉल का पडत नव्हता, शशिकलाताई?"

आता हा असा प्रश्न होता, की त्याचं उत्तर चौघांनाही पाठ होतं. भिंतीवर निनादचा फोटो. हातात टेप, तोंडभर हसू.

"बॉल," मी म्हणाले, "तिकडचा बॉल जरा वेगळा होता. नवा होता. गुळगुळीत."

स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावीशी वाटली.

"हवापाणी पण," सत्यजीत म्हणाले. "कोलंबोला दमट. आपल्याला सवय नाही."

"पनवेलला दमट नाही?" वल्लरी फिस्कारली.

"तसं दमट नाही."

"दमटात दमट काय वेगळं असतं हो?"

"खाण्याचाही प्रश्न होता," सत्यजीत ठाम राहिले. "नारळ फार."

वल्लरीने खोल श्वास घेतला. आता बोलते, मला वाटलं. "सर, आपण असं करू या का, जायच्या आधी थोडे दिवस दुसरीकडे सराव घेऊ. एखाद्या शाळेचा हॉल मिळतो का बघते मी."

"का? इथे काय वाईट आहे?"

"वाईट नाही..."

"मग?"

"बदल म्हणून."

"बदल म्हणून माथेरानला जा," सर म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर थोडे हसले. मग गंभीर झाले. "हे बघ वल्लरी. आपले मोठमोठे क्लब बाहेर जाऊन कोसळलेत. ते काय कोर्ट वाईट म्हणून? मनाची तयारी नाही म्हणून. इतिहास सांगतो. माधुरीला एक वर्ष थांबू दे, एखाद्या समुपदेशकाला दाखवू."

आतला चमच्याचा आवाज थांबलेला होता. सुमतीताई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी सगळ्यांना कप दिले. सरांसमोर कप ठेवताना त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"काय गं?" सर म्हणाले.

"साखर बघा पुरते का," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

संघ ठरला. माधुरीचं नाव नव्हतं.

जिन्यात आम्ही तिघं एकमेकांवर तुटून पडलो, अर्थात हलक्या आवाजात. वर ऐकू जाईल म्हणून. भांडणसुद्धा धड करता येऊ नये, अशी आमची तऱ्हा.

"गुळगुळीत बॉल, काकू? गुळगुळीत?" वल्लरी म्हणाली.

"आणि बदल म्हणून?"

"सत्यजीतदादा तर नारळावर घसरले!"

"मी सेक्रेटरी आहे," सत्यजीत म्हणाले. "मला सरांबरोबर रोज काम करायचंय. तू कोच आहेस, तू बोलायचंस."

"मी कशी बोलू?" वल्लरीचा आवाज एकदम खाली गेला. "तो शिडीवर चढून टेप वर धरायचा, आणि टेपचं खालचं टोक मी पायाने दाबून धरायचे. हलू नकोस गं बये, माप चुकेल, म्हणायचा. मी सांगू सरांना, की माप चुकलं?"

खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. त्याला मोकळं होता येत होतं म्हणून त्याचासुद्धा हेवा वाटला मला.

दुसऱ्या दिवशी निनादचा वाढदिवस होता. दरवर्षी त्या संध्याकाळी सुमतीताई कोर्टावर येतात. पाण्याची बाटली, एक फडकं, झेंडूची माळ आणि डबाभर नारळाच्या वड्या. पाटी धुतात, पुसतात, माळ घालतात, मग मुलींना वड्या वाटतात. कोणी काही बोलत नाही, पण त्या दिवशी पोरी बॉल जरा हळू आपटतात.

मी बाकावर होते. जाळीबाहेर अंकुशभाऊ उभे होते, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच, चुन्याने पांढरं झालेलं. वल्लरी कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून. तिला बघायचं नव्हतं. सरांनी माधुरीला बाजूला बोलावलं, म्हणजे नेमकं निनादच्या खांबापाशी, आणि हळू आवाजात सांगायला लागले. सरांचा हळू आवाज अख्ख्या कोर्टावर पोचेल इतका असतो.

"यंदा तू विश्रांती घे, माधुरी. काठमांडूला नको."

"मी काय चुकले का, सर?"

"चूक नाही गं. बाहेर गेल्यावर दडपण येतं तुला. होतं असं."

"दडपण नाय येत, सर. हात तोच असतो माझा. तसाच टाकते. इथं जातो, तिथं नाय जात."

"तेच ना. तेच मनाचं असतं, बेटा. तुझ्यापेक्षा मोठमोठ्या लोकांचं झालंय. त्या तक्त्यावर बघ..."

"बघितला, सर. पाठ हाय मला."

तिने मान हलवली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने टी-शर्टवरची क्लबची जर्सी डोक्यावरून काढली, उलटी झालेली सुलटी केली आणि घडी घालायला लागली. खांदे आत, मग अर्धी, मग पाव. वसतिगृहात जागा कमी असते, तिथे घडी नीट घालायला शिकतात. जाळीबाहेर अंकुशभाऊ एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले.

मी पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की टोक मोडलं. सत्यजीत शेडच्या दारात उभे राहून मोबाइलमध्ये बघत होते; मोबाइल बंद होता, मला इथून काळा पडदा दिसत होता.

सुमतीताई पाटीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. फडक्याने पहिली ओळ पुसली. 'चि. निनाद याची आठवण.' दुसरी पुसली. 'ही रिंग त्याने उभी केली.' मग त्यांचं बोट खाली गेलं, पाटी जिथे काँक्रीटमध्ये शिरते तिथे, आणि फटीतून जरा जरा करत माती उकरायला लागलं. दरवर्षी करतात. दरवर्षी नखात सिमेंट घेऊन उठतात, फडक्याला हात पुसतात आणि वड्यांचा डबा उघडतात.

माधुरीने घडी सरांपुढे धरली.

"राहू दे, तुझ्याकडे ठेव," सर म्हणाले. त्यांचाही आवाज नीट नव्हता. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं कोणी समजू नये.

"नको, सर. दुसरी कोन जाईल तिला लागेल." ती क्षणभर वर रिंगकडे बघत राहिली, आणि मग हसल्यासारखं करून म्हणाली, "मी इथंच बरी. इथली रिंग मला वळखते."

सुमतीताईंचं बोट थांबलं.

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ओल्या हाताने त्यांनी ती घडी सरांच्या हातात जायच्या आत मधूनच घेतली. जर्सीवर चिखलाची बोटं उमटली. दूर कोणीतरी बॉल आपटत होतं, ते थांबलं. वल्लरी वळली.

"अहो," सुमतीताई म्हणाल्या.

"काय गं? थांब जरा, मी हिच्याशी..."

"इकडे बघा. खाली बघा, पाटीकडे. काय लिहिलं होतं आपण शेवटी?"

सर बघत होते, पण खाली नाही. वर. बोर्डाकडे, पाइपच्या त्या वेल्डिंगकडे.

"आई-बाबा लिहिलं होतं," सुमतीताईच म्हणाल्या. "कुठे आहे?"

"सुमती, निनादने मोजलेलं..."

"हो. त्याने बरोबरच मोजलं होतं. त्याचं माप कधीच चुकलं नाही." त्यांनी घडी केलेली जर्सी माधुरीच्या हातात परत ठेवली आणि तिचे हात आपल्या मातीच्या हातांनी वरून दाबून धरले. "जमीन वर आलीय. रिंग खाली आहे, अहो. इथे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हालाही."